आकडे वाढले, पण मुलं वाचायला लागली का?

नागपूरच्या एका ताईंचं सहा पानी पत्र आलं आहे. ओळख पटेल असा तपशील गाळून त्यातलं मुख्य तेवढं देते. ताई एका सामाजिक संस्थेत समन्वयक आहेत. संस्था तीन वर्षांपासून जिल्ह्याच्या उत्तरेकडच्या ४० जिल्हा परिषद शाळांमध्ये पहिली ते चौथीच्या वाचनावर काम करते. शिक्षकांची वर्षातून दोनदा प्रशिक्षणं होतात. गावातल्याच बारावी झालेल्या मुली 'वाचनताई' म्हणून आठवड्यातून तीन दिवस शाळेत जातात. गोष्टीच्या पुस्तकांची पेटीही दिली जाते. पैसा एका कंपनीच्या सीएसआर निधीतून, म्हणजे समाजकार्यासाठी ठेवलेल्या पैशातून, येतो. जुलैत बेसलाइन म्हणजे सुरुवातीची वाचन चाचणी, मार्चमध्ये एंडलाइन म्हणजे शेवटची, आणि दर वर्षी आकडे छान वाढतात. पुढच्या वर्षी आणखी ३० शाळा घ्यायचं ठरतं आहे.

गेल्या महिन्यात ताई एका शाळेत गेल्या. तिसरीतल्या एका मुलाने चाचणीच्या कार्डावरची गोष्ट न अडखळता वाचून दाखवली. त्याचं कौतुक करता करता ताईंचा तळहात कार्डावर टेकला, तरी गोष्ट पुढे चालूच राहिली. मग त्यांनी पेटीतलं एक सोपं पुस्तक त्याच्यापुढे धरलं. मुलगा गप्प. निघताना तिथले गुरुजी म्हणाले, "मॅडम, खरं सांगू का, तुमचे फॉर्म अन् आमचे ऑनलाइन फॉर्म, यातच दुपार जाते." ताईंनी हे सगळं संचालकांच्या कानावर घातलं. मार्चचा रिपोर्ट होऊ द्या, मग पाहू, असं ते म्हणाले. निधी थांबला तर २० वाचनताईंचं मानधन बंद होईल, हेही त्यांनी सांगितलं. ताई विचारतात : "आमची तीन वर्षं फुकट गेली का? आमच्या कामाने फरक पडतो की नाही हे ओळखायचं कसं? आणि पडत नाही असं निघालं, तर सांगायचं की गप्प बसायचं?"

ताई,

तुमचं पत्र दोन दिवसांत तीनदा वाचलं. कार्डावर हात टेकल्याबद्दल तुम्ही जवळजवळ माफीच मागितली आहे, 'मी उगाच त्या लेकरावर संशय घेतला का' असं लिहिलं आहे. मला विचाराल तर तीन वर्षांत तुमच्या कार्यक्रमाची खरी तपासणी त्या दोन मिनिटांतच झाली.

मी स्वतः १९ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवलं, पुढे शिक्षक प्रशिक्षणात काम केलं. म्हणून आधी एक कबुली देते. चाचणीचा आठवडा जवळ आला की मी दुसरीच्या वर्गात फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात रोज तेच दहा-बारा शब्द लिहायची. तसं करायला कुणी सांगितलं नव्हतं. आपला वर्ग मागे दिसू नये, शिक्षण परिषदेत सगळ्यांसमोर आपलं नाव निघू नये, एवढंच डोक्यात असायचं. मुलं ते शब्द ओळखायची, तक्ता भरला जायचा, आणि जुलैत तीच मुलं कोरी पाटी घेऊन तिसरीच्या बाईंपुढे बसायची. त्या गुरुजींचं काय झालं असेल ते म्हणूनच मला समजतं. तुम्हीही त्यांच्यावर राग धरू नका. एकच कार्ड वर्षातून दोनदा, तीन-तीन वर्षं त्याच शाळेत फिरलं, तर ते पाठ होणारच. मोठ्या भावाचं ऐकून धाकट्यालाही येतं.

फुकट गेली का, या प्रश्नाला एका मुलावरून उत्तर देता येणार नाही, होय असंही नाही आणि नाही असंही नाही. पण त्या मुलाबद्दल तुम्ही 'आमचं अपयश' हा शब्द वापरला आहे, तो मला मान्य नाही. अख्खी गोष्ट, एक शब्द न गाळता लक्षात ठेवणाऱ्या मुलाकडे कान आहे, भाषा आहे, गोष्टीची ओढ आहे. अक्षर आणि आवाज यांची गाठ तेवढी बसायची राहिली आहे. त्याला सांगा, या गोष्टीत 'पाणी' कुठे लिहिलंय तिथे बोट ठेव. मग 'पान' शोधायला सांगा. दोन्हींतला फरक त्याला दाखवता आला तर तो वाचनाच्या उंबऱ्यावर उभा आहे. नाही आला, तर काना-वेलांटीपासून सुरुवात करायची आहे. त्याला पाठ असलेली तीच गोष्ट शब्दपट्ट्यांत कापा आणि जुळवायला द्या. मी हे अनेक वर्गांत करून पाहिलं आहे. पाठांतरावरून अक्षरांकडे जायची वाट असते, फक्त कुणीतरी शेजारी बसून ती दाखवावी लागते.

आता आकड्यांकडे. जुलैत इतके टक्के, मार्चमध्ये तितके, मधला फरक आमच्या कामाचा, असा तुमचा हिशेब आहे. बहुतेक संस्था असाच करतात. या वजाबाकीत इतर बऱ्याच गोष्टी मिसळलेल्या असतात, आणि त्यातल्या दोन तर खास आपल्या भागातल्या आहेत.

पहिली गोष्ट ऊन. विदर्भात शाळा जूनच्या मध्यावर भरत नाहीत. उन्हामुळे इथे जूनअखेरीला किंवा जुलैच्या सुरुवातीला घंटा वाजते. मे-जून मूल मामाच्या गावी, शेतात, लग्नाच्या मांडवात असतं, आणि पुस्तक कुठल्या तरी कोनाड्यात. शाळा उघडल्याबरोबर तुम्ही बेसलाइन घेता, तेव्हा ते वर्षातल्या सगळ्यांत खालच्या पायरीवर असतं. तान्हा पोळा येईपर्यंत विसरलेलं बरंचसं आपोआप परत येतं. दुसरं माप तुम्ही मार्चमध्ये घेता, म्हणजे वर्षातल्या सगळ्यांत वरच्या पायरीवर. शिवाय मधल्या काळात शिक्षक रोज शिकवत असतात, आणि मूल आठ-नऊ महिन्यांनी मोठंही झालेलं असतं. तुमची संस्था त्या गावात कधी गेलीच नसती तरी आकडा वाढलाच असता. म्हणून मी जुलै ते जुलै मोजायला सांगते. उन्हाळ्यानंतर जे शिल्लक राहिलं तेच मुलाचं झालं.

दुसरी गोष्ट मला जास्त टोचते. दिवाळीनंतर काही कुटुंबं वीटभट्टीवर जातात, लेकरं सोबत जातात. मार्चच्या चाचणीत ती नसतात, आणि साधारणपणे हीच मुलं वाचनात मागे असतात. समजा वर्गात २० मुलं आहेत. जुलैत त्यातली ८ वाचणारी निघाली, म्हणजे ४० टक्के. मार्चपर्यंत न वाचणारी ५ मुलं भट्टीवर गेली. उरली १५, त्यातली तीच ८ वाचणारी. झाले ५३ टक्के. एकाही लेकराला एकही नवीन अक्षर आलेलं नाही, तरी रिपोर्टमध्ये १३ टक्क्यांची वाढ दिसते, आणि ती वाढ ज्यांना आपण गमावलं त्या पाच मुलांमुळे दिसते. तुमच्या याद्या काढा. जुलैत जी मुलं होती तीच मार्चमध्ये होती का, नावानिशी जुळवून पाहा. जी दोन्ही वेळा सापडतात त्यांचाच फरक काढा, आणि जी हरवली त्यांचा आकडा वेगळा लिहा. या कामाला एक पैसा लागत नाही, फक्त दोन संध्याकाळी लागतात.

आणखी एक छोटी गोष्ट आहे. तुम्ही शाळा निवडल्या त्या सगळ्यांत मागे पडलेल्या. एखाद्या वर्षी एखादी शाळा फार खाली गेली असेल, तर पुढच्या वर्षी ती थोडी वर येतेच, कारण ते एक वर्षच वाईट होतं : गुरुजींची बदली झाली होती, किंवा गावात साथ आली होती. हे श्रेयही नकळत संस्थेच्या खात्यात जमा होतं.

अशा हिशेबात जाणकारही फसतात. केनियात ग्रामीण शाळांना भिंतीवर टांगायचे चित्रतक्ते दिले गेले होते. ज्या शाळांत तक्ते आधीपासून होते आणि ज्यांत नव्हते त्यांची तुलना केली, तर तक्तेवाल्या शाळांची मुलं चांगलीच पुढे दिसत होती. मग अर्थतज्ज्ञ मायकेल क्रेमर आणि सहकाऱ्यांनी कुठल्या शाळांना तक्ते द्यायचे ते चिठ्ठ्यांसारखं, निवड न करता ठरवलं आणि पुन्हा मोजलं. फरक जवळजवळ काहीच निघाला नाही. ज्या शाळा मुळातच धडपड्या होत्या त्यांच्याकडे तक्तेही होते, एवढंच. २००४ मध्ये हे छापून आलं, पुढे २०१९ मध्ये क्रेमर यांना अभिजीत बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांच्यासोबत अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर असं : आमच्याशिवाय काय झालं असतं, हे दाखवणारी कुठली तरी बाजू हिशेबात हवी. यंदा ती तुमच्याकडे नाही, आणि मागे जाऊन ती तयार करता येणार नाही. शेजारच्या केंद्रातल्या, म्हणजे शेजारच्या शाळागटातल्या, पाच-सहा शाळांत तिसरीच्या मुलांना तेच विचारून पाहा, अंदाज येईल. पण तो कच्चा अंदाज आहे असं रिपोर्टमध्ये स्पष्ट लिहा.

पुढच्या वर्षीची मात्र संधी सोन्यासारखी आहे. ३० शाळा एकदम घेऊ नका. तशीही तुमची माणसं त्याला पुरणार नाहीत. पंधरा पहिल्या वर्षी घ्या, पंधरा दुसऱ्या वर्षी. कुठल्या पंधरा, ते संस्थेने ठरवायचं नाही आणि कार्यालयानेही नाही. सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत जशी लहान मुलाच्या हातून सगळ्यांसमोर निघते, तशी पंचायत समितीत मुख्याध्यापकांसमोर चिठ्ठी काढा. मोजमाप मात्र तिसांत पहिल्या दिवसापासून करा. चिठ्ठी शाळेची काढायची, मुलांची नाही, कारण एकाच वर्गात एकाला वाचनताई आणि दुसऱ्याला नाही असं होऊच शकत नाही. तीस शाळांवर बारीकसारीक फरक दिसणार नाही, मोठा असेल तरच दिसेल. तेही आधीच कबूल करून टाका.

'उरलेल्या शाळांवर अन्याय होईल' असं कुणीतरी म्हणेल. हाच प्रश्न मुंबई आणि वडोदऱ्यात आला होता. २००१ ते २००३ या काळात 'प्रथम' संस्थेच्या बालसखी कार्यक्रमाची बॅनर्जी, डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी तपासणी केली. तिथे काही शाळांना तिसरीसाठी बालसखी दिली, काहींना चौथीसाठी. म्हणजे शाळा कुठलीच रिकामी राहिली नाही, आणि एका शाळेची तिसरी दुसऱ्या शाळेच्या तिसरीशी ताडून पाहता आली. बालसखी म्हणजे वस्तीतलीच शिकलेली मुलगी. मागे राहिलेली १५-२० मुलं ती रोज दोन तास वेगळी घेऊन बसायची. त्या मुलांना चांगला फायदा झाला, आणि सगळ्यांत मागे होती त्यांना सगळ्यांत जास्त. मात्र बालसखी सुटल्यानंतर वर्षभराने पाहिलं तर कमावलेल्यातलं बरंचसं ओसरलं होतं. हे दुसरं वाक्य आपल्याकडच्या कार्यशाळांत सहसा सांगितलं जात नाही. जुलै ते जुलै मोजा म्हणते ते यासाठीही.

आता शिक्षकांकडे येते, कारण पत्रात तुम्ही त्यांना दोन ओळींत उरकलं आहे. 'शिक्षकांचा प्रतिसाद उत्तम असतो, फीडबॅक फॉर्मवर बहुतेक सगळे पाच पैकी पाच देतात.' ताई, तालुक्याच्या सभागृहात दोन दिवस पंख्याखाली बसलेल्या, आलुबोंडा-चहा झालेल्या आणि चारची बस धरायची असलेल्या माणसाकडून आणखी काय मिळणार? मी शेकडो फॉर्म गोळा केले आहेत. त्यातून सभागृह आवडलं की नाही एवढं कळतं. डोनाल्ड कर्कपॅट्रिक या अमेरिकी अभ्यासकाने १९५९ मध्येच प्रशिक्षण तपासायच्या चार पायऱ्या सांगितल्या होत्या : माणसाला कसं वाटलं, तो काय शिकला, परत गेल्यावर त्याच्या वागण्यात काय बदललं, आणि शेवटी परिणाम काय झाला. आपण पहिल्या पायरीवर फॉर्म भरतो आणि एकदम चौथीवर उडी मारतो. मधल्या दोन पायऱ्या वर्गात आहेत. तिथे कुणी बसत नाही.

वर्गात बसा. आधी फोन करून जाऊ नका, नाहीतर पाहुण्यांसाठी ठेवलेला धडा बघायला मिळेल. मागच्या ओळीत बसा आणि दर पाच मिनिटांनी मान वर करून मोजा, या क्षणी किती मुलांची नजर छापील अक्षरांवर आहे. फळ्याकडे पाहून एका सुरात म्हणणारी मुलं त्यात धरू नका. गुरुजी कुणाला उठवतात ते पाहा. पुढच्या तीन मुलांनाच उठवतात का? मूल चुकलं तर काय होतं : 'बस खाली' होतं, दुसऱ्याला विचारलं जातं, की तो शब्द फोडून पुन्हा वाचून घेतला जातो? माझ्या लेखी या एका गोष्टीवर बरंच काही ठरतं. प्रशिक्षणानंतर या तीन गोष्टी हलल्या नसतील, तर मुलांचा आकडा वाढला तरी तो प्रशिक्षणामुळे वाढलेला नाही.

प्रशिक्षण वाईट असं माझं म्हणणं नाही, ते सभागृहात संपतं हे वाईट. दक्षिण आफ्रिकेच्या नॉर्थ वेस्ट प्रांतात एकाच वाचन कार्यक्रमाचे दोन प्रकार ताडून पाहिले गेले. साहित्य आणि पाठांचे आराखडे दोन्हीकडे सारखेच होते. एका गटातल्या शिक्षकांना एकत्र बोलावून प्रशिक्षण दिलं, दुसऱ्या गटात मार्गदर्शक नियमितपणे वर्गात येऊन शिक्षकाशेजारी उभा राहायचा. वर्गात येणाऱ्या मार्गदर्शकाचा मुलांच्या वाचनावरचा परिणाम जवळपास दुप्पट निघाला. खर्च जास्त आहे, खरं. पण तुमचा सभागृह, जेवण, बॅग, फाइल यांचा खर्च मांडून पाहा. त्यात एका माणसाच्या किती वर्गभेटी बसतात?

आणि गुरुजींचं ते वाक्य, 'यातच दुपार जाते', ते तुमच्या कार्यक्रमाचं मूल्यमापनच आहे, फक्त कुठल्या रकान्यात बसत नाही. एका शाळेत तुमच्या संस्थेचे महिन्याला किती कागद भरले जातात ते मोजा. त्यातल्या कुठल्या कागदावरून गेल्या वर्षभरात एक तरी निर्णय घेतला, ते स्वतःला विचारा. बाकीचे बंद करा, याच महिन्यात. शेजारच्या मध्य प्रदेशात शाळासुधारणेचा मोठा कार्यक्रम झाला. शाळांचं सविस्तर मूल्यांकन केलं, प्रत्येक शाळेचा सुधारणा आराखडा तयार केला, पाठपुरावा ठरवून दिला. कार्तिक मुरलीधरन आणि अभिजीत सिंग या अर्थतज्ज्ञांनी तो तपासला. कागदोपत्री मूल्यांकनं आणि आराखडे व्यवस्थित झाले होते, शिकवण्यात आणि मुलांच्या शिकण्यात मात्र फरक आढळला नाही. तरीही तो यशस्वी समजला गेला आणि पुढे वाढवला गेला. तिथून सिवनीमार्गे नागपूर फार लांब नाही.

चाचणीबद्दल थोडं, कारण तुमच्यासारखंच कार्ड अनेक संस्था वापरतात. अक्षर, शब्द, पहिलीच्या पातळीचा उतारा, दुसरीच्या पातळीची गोष्ट ही उतरंड 'असर' या मुलांच्या वाचन-गणिताच्या देशव्यापी पाहणीने २००५ पासून घरोघर पोचवली. मुलाला एकट्याला शेजारी बसवून तोंडी विचारायची पद्धत आहे. उत्तम आहे, पण 'असर'मध्येही एकाच कार्डावर भागवत नाहीत, नमुने वेगवेगळे असतात. तुम्हीही निदान चार करा आणि शाळेला आधी दाखवू नका. वाचनताईने स्वतःच्या गावातली चाचणी घ्यायची नाही. तिला तिची मुलं पास व्हावीत असं वाटणारच, ती तिथे जीव लावते. गावं अदलाबदल करा. दहातल्या एका मुलाला दुसऱ्या दिवशी तिसऱ्याच माणसाने पुन्हा तपासावं, आणि दोन्ही नोंदी जुळल्या की नाही ते रिपोर्टमध्ये छापावं.

आणि भाषा बघा. एका वर्गात मी स्वतः पाहिलेलं सांगते. पुण्याहून छापून आलेल्या चित्रकार्डावर पेरूचं चित्र होतं. पोरगी म्हणाली, "जांब." तपासनीस बाईंनी फुली मारली. पुढचं चित्र बटाट्याचं. "आलू." पुन्हा फुली. तिसऱ्या चित्राला ती पोरगी बोललीच नाही, बोटात फ्रॉकचं टोक गुंडाळत बसली. तिला शब्दही येत होते आणि चित्रंही कळत होती. त्या दिवशी तिला एवढंच शिकायला मिळालं की शाळेत आपलं तोंड उघडायचं नसतं. तुमच्या काही गावांत घरी गोंडी बोलतात. तिथे मूल वाचतंय की नाही आणि त्याला मराठी कळतंय की नाही, हे दोन प्रश्न वेगळे ठेवा, नाहीतर एकाची शिक्षा दुसऱ्याला होते.

एवढं झाल्यावर आता तुमचा तिसरा प्रश्न, ज्यासाठी तुम्ही खरं तर पत्र लिहिलं आहे.

तुम्ही तो असा मांडला आहे : खरं बोलले तर २० मुलींची कामं जातील, गप्प बसले तर मन खाईल. पण खरं काय आहे हे अजून तुम्हालाही माहीत नाही, मलाही नाही. एका मुलाला पाठ होतं एवढंच कळलं आहे. कदाचित चाळीसातल्या पाच शाळांत तसं असेल, कदाचित तीसमध्ये. आधी ते शोधा. आणि मुलींची कामं जातील हे गृहीत का धरता? बालसखीचा अनुभव पाहिला तर तुमच्या सगळ्या कार्यक्रमात त्या वाचनताई हाच सगळ्यांत जास्त आशा ठेवण्यासारखा भाग आहे. फरक एवढाच की बालसखी रोज दोन तास आणि ठरावीक मुलांबरोबर बसायची. तुमच्या मुली आठवड्यात तीन दिवस जातात, आणि तिथे गेल्यावर काय करतात हे पत्रात कुठेच नाही. पूर्ण वर्ग सांभाळतात? गुरुजी बैठकीला गेले की हजेरी घेतात? खिचडी वाढतात? नीट मोजल्यावर कदाचित असं निघेल की प्रशिक्षणाचा अर्धा पैसा या मुलींच्या दिवसांकडे वळवावा. मग खरं बोलण्याने त्यांचं काम वाचेल. उलटंही निघू शकतं, तेही पचवायची तयारी ठेवा. पण भीतीपोटी न मोजणं म्हणजे त्या मुलींच्या कामाला किंमत नाही असं आपणच धरून चालणं.

मार्ग तीन दिसतात. गप्प राहून रिपोर्ट जाऊ देणं हा एक. मी तो सुचवणार नाही. तिसरीतला तो मुलगा मार्चमध्ये 'गोष्ट वाचतो' या रकान्यात जाईल, आणि एकदा त्या रकान्यात गेला की त्याच्याशेजारी बसायला कुणी येणार नाही. खोट्या आकड्याची किंमत कंपनी भरत नाही, तो मुलगा भरतो. दुसरा मार्ग संचालकांना डावलून थेट कंपनीला कळवण्याचा. आत्ता तोही नको. हातात एका मुलाचा प्रसंग घेऊन गेलात तर वरचे लोक एक तर हसण्यावारी नेतील, नाहीतर घाबरून सगळंच थांबवतील. शिवाय संचालकांनी 'मग पाहू' म्हटलं आहे, 'लपवा' म्हटलेलं नाही. त्यांच्या डोक्यावर वीस घरांचा भार आहे, तोही समजून घ्या.

तिसरा मार्ग लांबचा आहे, पण मला तोच पटतो. चाळीसातून आठ शाळा चिठ्ठीने काढा, प्रत्येक शाळेतली दहा मुलं हजेरीपटावरून. नवं कार्ड घ्या आणि तपासायला दुसरी माणसं पाठवा. एका आठवड्याचं काम आहे. जे निघेल ते एका पानावर लिहून संचालकांसमोर ठेवा, आणि त्याच पानावर पुढच्या वर्षी काय बदलायचं तेही लिहा. मग दोघं मिळून कंपनीकडे जा, रिपोर्ट सादर करण्याआधी. कंपन्यांना ही भाषा परकी राहिलेली नाही. २०२१ पासूनच्या नियमांप्रमाणे ज्या कंपनीची सीएसआरची जबाबदारी सरासरी १० कोटी रुपये किंवा जास्त असते, तिला १ कोटी किंवा त्याहून मोठ्या पूर्ण झालेल्या प्रकल्पांचं स्वतंत्र संस्थेकडून मूल्यमापन करून घ्यावं लागतं. उद्या त्रयस्थ माणूस येऊन कार्डावर हात ठेवणार असेल, तर त्याआधी तुम्हीच ठेवलेला बरा. 'आम्हीच तपासलं, हे चुकलं, हे बदलतोय' असं म्हणणाऱ्या संस्थेवर विश्वास ठेवणारे अधिकारी मी पाहिले आहेत. सगळेच तसे नसतात, हेही मान्य.

संचालक तरीही नाही म्हणाले तर? तर रिपोर्टमध्ये दोन वाक्यं घाला असा आग्रह धरा : चाचणीचं कार्ड तिन्ही वर्षं एकच होतं, आणि गैरहजर मुलं हिशेबात नाहीत. ही वस्तुस्थिती आहे, तिच्यात कुणावर आरोप नाही. तेवढंही नको असेल, तर त्या रिपोर्टवर तुमची सही नसावी. नोकरी सोडा असं मी म्हणत नाही. घर चालवणाऱ्या बाईला ते सांगायचा मला अधिकार नाही. पण खोटा आहे हे माहीत असलेल्या आकड्याखाली सही करू नका.

आणि कृपा करून एक कधीही करू नका, कंपनीने सुचवलं तरी : वाचनताईंचं मानधन किंवा शाळेचा सत्कार आकड्याला बांधू नका. तसं केलंत की तुमच्या गावांत उरलेली प्रामाणिक कार्डंसुद्धा पाठ होतील. शाळांची नावं बाहेर देऊ नका. गुरुजींना आधी जाऊन सांगा की ही तपासणी संस्थेच्या कामाची आहे, त्यांच्या नोकरीची नाही, आणि मग तसंच वागा.

आठ शाळांची फेरी ठरवताना काही साध्या गोष्टी. शनिवार टाळा, सकाळची शाळा असते आणि घाई होते. पोषण आहाराच्या आधी जा, जेवल्यावर पोरं पेंगतात. हजेरीपटावर असलेलं पण त्या दिवशी न आलेलं मूल यादीतून काढू नका. दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी जा, घराला कुलूप असेल तर 'कुलूप' असं लिहून आणा. गावचा आठवडी बाजार कुठल्या वारी असतो ते आधी विचारा, त्या दिवशी चौथीची मुलं आईबरोबर बाजारात भाजी विकायला बसलेली असतात. आणि त्या तिसरीतल्या मुलाचं नाव चिठ्ठीत निघालं नाही, तर त्याला या तपासणीत घेऊ नका. त्याच्याकडे वेगळ्या दिवशी जा, शब्दपट्ट्या घेऊन.